जोशींसाठी राखीव

श्रीखंडाच्या वाट्या अजून भरायच्या होत्या, तेवढ्यात अण्णांनी बातमी फोडली.

"उत्तरा, तुला कळलं की नाही? इथल्या युनिव्हर्सिटीनं आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे. खास जोशींसाठी!"

उत्तरा सकाळच्या शिनकानसेन रेल्वेनं ओसाकाहून भावाकडे आली होती. भाचीला कायमची नोकरी लागली, एक ऑक्टोबरला कंपनीत तिचा स्वागत समारंभ, म्हणून हे रविवारचं जेवण. येताना तिनं अक्षयासाठी चामड्याची ऑफिस बॅग आणली होती. ती बॅग खुर्चीवर ऐटीत बसली होती आणि माणसं जमिनीवर, कारण ओजिमा भागातल्या त्या सरकारी इमारतीतल्या घरात पाच जणांसाठी टेबल मांडलं की दार उघडत नसे.

"जोशींसाठी म्हणजे काय हो अण्णा?"

"म्हणजे जोशींसाठी. जोशी-वाकु. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. शुक्रवारी अक्षयाच्या युनिव्हर्सिटीतल्या बाईंचा फोन आला, ही गाद्यांच्या घड्या करत होती, फोन स्पीकरवर. बाई चार वेळा म्हणाल्या, जोशी-वाकु, जोशी-वाकु. वाकु म्हणजे राखीव जागा, हे मी मोबाइलला विचारून घेतलं. जोशी म्हणजे काय हे काही मला मोबाइलला विचारायची गरज नाही."

अण्णा, म्हणजे गुणवंत जोशी, बँकेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेले, तीन महिन्यांसाठी मुलाकडे, प्रतापकडे, आले होते आणि रोज दहा शब्द या हिशेबानं जपानी शिकत होते. शिकलेलं वाया घालवायची त्यांना सवय नव्हती. पुण्याच्या पुतण्याला, सत्यजितला, त्यांनी शुक्रवारीच फोन केला होता. त्यानं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं आणि आतापर्यंत चौदा जणांनी अभिनंदन करून झालं होतं. एका चुलतभावानं आपल्या मुलाची मार्कलिस्टही पाठवली होती.

अक्षया आधी घास घेता घेता थांबली, मग तिला असं हसू फुटलं की तिच्या आईला, वृंदाला, तिच्या पाठीवर थोपटावं लागलं.

"आजोबा, चिगाऊ! तसं नाहीये ते! जोशि म्हणजे मुली. बायका. जोशि-वाकु म्हणजे मुलींसाठी राखीव जागा."

"मुली?"

"हो. आणि ओ लांबवून जोऽशि म्हटलं की साहेब. बाबा ऑफिसात फोन उचलतात तेव्हा समोरच्याला वाटतं, बॉस बोलतोय."

"आणि तू उचललास की?" उत्तरानं विचारलं.

"की मुलगी बोलतेय. ते तरी खरं आहे."

अण्णांनी कपाळाला हात लावला. उत्तरा भिंतीला टेकून हसत सुटली, ते चौदा अभिनंदनाचे मेसेज वाचून दाखवायला लागली. मार्कलिस्ट वाचताना तिला पुढे वाचवेना. या सगळ्यात प्रताप मात्र हसला नाही. त्यानं हातातला चमचा ताटात ठेवला.

"कुठली जागा?" तो म्हणाला. "आणि बाईंनी फोन कशाला केला होता?"

अक्षयाचं हसू जागच्या जागी विरलं.

*

बावीस वर्षं प्रताप या देशात सॉफ्टवेअर लिहीत होता आणि बावीस वर्षांत एकाही जपानी कंपनीनं त्याला आपला म्हटलं नव्हतं. त्याला पाठवणारी कंपनी वेगळी आणि जिथे तो बसायचा ती वेगळी. अशा माणसांना हाकेन म्हणतात. कायमच्यांच्या गळ्यात निळी पट्टी, हाकेनच्या गळ्यात पिवळी. काम तेच, कधी जास्तच, पण वर्षअखेरीच्या पार्टीचा फोटो निघाला की पिवळ्या पट्ट्या आपोआप कडेला सरकायच्या. कोणी सरकवत नसे, हेच त्याला जास्त लागायचं. आणि आता त्याची मुलगी, एकवीस वर्षांची, एका बड्या विमा कंपनीत सेइशाइन होणार होती, कायमची. तिच्या गळ्यात निळी पट्टी पडेल तो दिवस तो वैशाखापासून मोजत होता.

"सेन्सेईंच्या, म्हणजे बाईंच्या, लॅबमध्ये संशोधनाची जागा आहे," अक्षया खाली बघून म्हणाली. "सायबर सिक्युरिटी. पुढे मास्टर्स, मग पीएचडी. शिष्यवृत्ती आहे. या विषयात मुली येत नाहीत, बाहेरच्या देशांतली मुलं येत नाहीत, म्हणून त्यांनी यंदा हे सुरू केलंय. आज पाचपर्यंत हो म्हणायचंय. पण मी नाही म्हणणार आहे, बाबा, तुम्ही काळजी करू नका. म्हणून तर सांगितलं नाही."

"मग प्रश्नच मिटला," प्रताप म्हणाला, आणि त्यानं चमचा परत उचलला.

"एक मिनिट, दादा." उत्तरानं बॅगेकडे बघितलं, मग भाचीकडे. या नोकरीच्या मुलाखतींची तयारी तिनंच करून घेतली होती, पाच महिने, दर बुधवारी फोनवर. वाकून नमस्कार किती अंशांत करायचा इथपर्यंत. त्यामुळे ती आपल्याच बाजूची, हे प्रतापनं गृहीत धरलं होतं. "नाही का म्हणणार आहेस? नोकरी आवडली म्हणून?"

अक्षयानं पाण्याचा पेला जवळ ओढला.

"अक्षू, मी तुझे एकवीस सराव ऐकलेत. विमा कंपनीबद्दल बोलताना तुझा आवाज कसा असतो ते मला पाठ आहे."

"मला वशिल्यानं जायचं नाहीये!" अक्षया एकदम उसळली. "वर्गात आम्ही नऊ मुली आणि अठ्ठ्याऐंशी मुलं. गटात काम आलं की सगळे म्हणतात, जोशि-सान, तू नोंदी लिही, तुझं अक्षर छान आहे. आता ही जागा घेतली की म्हणणार, मुलगी होती म्हणून मिळाली. आणि माझं तर आडनावच जोशि. दारावर पाटी लावल्यासारखं होईल ते."

"म्हणू देत."

"तुला सोपं आहे म्हणायला."

"मला?" उत्तराचा आवाज चढला. "मला बँकेनं ओसाकाला पाठवलं तेव्हा हेड ऑफिसात सगळे काय म्हणाले माहितीये? फोटोत एक बाई हवी होती म्हणून पाठवली. माझ्या तोंडावर म्हणाले. सहा महिने मला ते खरं वाटत होतं. रात्रंदिवस काम करायचे, का, तर मी फोटोतली बाई नाही हे दाखवायला. मग एकदा जुन्या फायली बघताना लक्षात आलं की माझ्या आधी सात जण येऊन गेले, सातही पुरुष, त्यातल्या दोघांना धड पत्र लिहिता येत नव्हतं. त्यांना कोणी विचारलं का, तुम्ही पुरुष म्हणून आलात का?"

"उत्तरा, तू तिला भरीला घालू नकोस," प्रताप म्हणाला. "तू तीन वर्षांसाठी आलीस, परत जाशील. आम्हाला इथेच राहायचंय."

"मी भरीला घालत नाहीये. मला फक्त कळत नाहीये की ही रडवेली का झालीये."

अण्णांनी घसा खाकरला. आपल्या एका शब्दानं एवढं रामायण घडलं याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि थोडी मजाही. "माझं चुकलंच," ते म्हणाले. "पण जागा आहे ना? मग ती बायकांची असो नाहीतर जोशांची, सोडायची कशाला? आमच्या बँकेत प्रमोशन नाकारणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो पुढे आयुष्यभर तेच सांगत बसला."

*

वृंदा इतका वेळ काही बोलली नव्हती. ती श्रीखंडाच्या वाट्या भरत होती, कारण चक्का रात्रभर टांगलेला होता आणि भांडणासाठी तो पातळ होऊ द्यायचा तिचा विचार नव्हता. ती भारतीय मुलांच्या बालवाडीत शिकवायची. घरात कॉम्प्युटरबद्दल बोलणं निघालं की बाप-लेक इंग्रजीत आणि जपानीत शिरायचे आणि ती कणीक मळायला जायची. आज तिला त्याचा राग आला. इतका, की शेवटची वाटी तिनं जरा जोरातच खाली ठेवली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "सगळे भांडताय, पण ही तिथे करते काय, हे कोणाला माहितीये का? अक्षया, तू मला सांग. मराठीत. मी बालवाडीतली बाई आहे असं समजून सांग."

"आई, अवघड आहे गं."

"माझी चार वर्षांची मुलं अवघड गोष्टी सांगतात मला. तू सांग."

अक्षयानं तोंडावरून हात फिरवला. मग जेवणाचे हात नॅपकिनला पुसून ती मांडी घालून नीट बसली.

"बघ. वॉर्ड ऑफिसात आपलं आडनाव काय आहे? जोशि, आखूड. बँकेत? जोऽशि, लांब. मोबाइलवाल्याकडे जोशीई. बाबांच्या कार्डावर सगळं इंग्रजीत एका ओळीत, म्हणून दवाखान्यात बाबांचं आडनावच गुणवंत."

"म्हणजे गेल्या महिन्यात," अण्णा म्हणाले, "त्या नर्सनं गुनवानतो-सान अशी हाक मारली, तेव्हा ती मला नव्हती?"

"नाही आजोबा. ती बाबांना होती. दोघंही उभे राहिलात तुम्ही."

"मी रक्तदाबसुद्धा मोजून घेतला!"

या वेळी प्रतापलाही हसू आवरलं नाही. अक्षयाला त्यानं जोर आला. ती गुडघ्यांवर पुढे सरकली.

"आता खरी गंमत ऐक. फॉर्मच्या रकान्यात फक्त जपानी अक्षरं बसतात आणि आपलं नाव त्यात कधीच नीट बसत नाही. म्हणजे आपलं नाव कुठेच जुळत नाही. तानाका नावाच्या माणसाचं एक अक्षर चुकलं तर त्याला परत पाठवतात. आणि आपलं चुकलं तर?"

"तर सोडतात," वृंदा म्हणाली. "म्हणतात, असू दे, परदेशी आहेत. नुसती जन्मतारीख विचारतात. चांगली असतात बिचारी."

"हो ना! चांगली असतात. आणि मग तुझं नाव सांगणारा चोर आला, त्यानं नाव चुकीचं सांगितलं, तर?"

वृंदा हळूच म्हणाली, "त्यालाही सोडतील."

"सोडतात! आम्ही करून बघितलं. माझ्याच नंबरवर, एका मोबाइल कंपनीच्या सुरक्षा विभागाला आधी सांगून. माझ्या मैत्रिणीनं, वाकानानं, माझ्या नावानं फोन केला. नाव मुद्दाम चुकीचं सांगितलं. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, तिला म्हणाला, सावकाश बोला, घाबरू नका. अकरा मिनिटांत माझा नंबर तिच्या सिमवर! लाखो माणसं आहेत आपल्यासारखी या देशात, नेपाळी, व्हिएतनामी, ब्राझिलियन, सगळ्यांची नावं अशीच, आणि हे भोक कोणाला दिसलंच नव्हतं. कुलूप पक्कं करणारे खूप आहेत. पण दया येऊन दार उघडणाऱ्या माणसाचं काय करायचं, यावर कोणीच काम केलेलं नाही. मी शोधलं, आई. सगळीकडे शोधलं. कोणीच नाही!"

तिचे गाल लाल झाले होते. हातवारे करताना श्रीखंडाची वाटी लवंडता लवंडता राहिली. उत्तराला वाटलं, हाच तो आवाज. एकवीस बुधवारांत हा एकदाही ऐकला नव्हता.

"मग बाई काय म्हणाल्या?" वृंदानं विचारलं.

"सेन्सेई म्हणाल्या, मी पंचवीस वर्षं या विषयात आहे, पण मला हे कधीच दिसलं नसतं. माझं नाव कधी चुकलंच नाही."

वृंदानं लेकीच्या हातावर हात ठेवला.

"मग वेडाबाई, त्यांना मुलगी हवी होती की तू हवी होतीस?"

आईनं सरळ विचारलेला प्रश्न अक्षयानं दोन दिवसांत स्वतःला एकदाही विचारला नव्हता. प्रताप उठला आणि आतल्या खोलीत गेला. त्यानं सरकतं दार लावून घेतलं.

*

"झालं," अण्णा पुटपुटले. "लहानपणी गणिताच्या पेपरानंतर असाच जाऊन बसायचा."

आतून कपाटाचे आवाज येत होते. बाहेर कोणी काही खात नव्हतं. अक्षयाला रडू येत होतं, कारण बाबांसाठी ही नोकरी काय आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सूट घ्यायला गेले तेव्हा दुकानात त्यांनी तिचा फोटो काढला होता आणि तो लॅपटॉपवर लावला होता. लॅबमध्ये मिळालेला आनंद तिला बाबांचा काहीतरी चोरल्यासारखा वाटत होता. त्यापेक्षा नोकरी परवडली. माणसाला काय, सवय होते.

दार सरकलं. प्रतापच्या हातात बुटांचं मोठं खोकं होतं, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं.

"इथे राहायचा कायमचा परवाना मागायचा होता तेव्हा वकील म्हणाला होता, तुमचं नाव असलेला एकही कागद फेकू नका," तो म्हणाला. "परवाना मिळाला. पण फेकायची सवय गेली ती गेलीच." त्यानं खोकं तिच्यासमोर ठेवलं. "बघ काही उपयोगाचं आहे का."

अक्षयानं झाकण काढलं. परत आलेले फॉर्म, जुनी कार्डं, गॅसची बिलं, रेल्वेचे पास, ग्रंथालयाची ओळखपत्रं. तिनं एक उचललं, दुसरं उचललं, आणि तिच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"उसो! शक्यच नाही! बाबा, हा डेटा आहे! बावीस वर्षांचा! तारखांसकट! बाबा, जगात कोणाकडे नसेल हे!"

त्यानंतर अर्ध्या तासात जेवणाची ताटं भिंतीकडे गेली आणि जमिनीवर कागदांचे ढीग पडले. अण्णा चष्मा नाकावर आणून तारखा वाचत होते. उत्तरा फोटो काढत होती. वृंदा बालवाडीतले रंगीत स्टिकर घेऊन आली आणि एकेका स्पेलिंगला एकेक रंग लावू लागली. ससे संपले, छत्र्या संपल्या, शेवटी गाजरं वापरावी लागली. प्रताप प्रत्येक कागदाची गोष्ट सांगत होता.

"हे बघ, हा वॉर्ड ऑफिसवाला. यानं मला प्रतापु-जोशि असं एक नाव समजून मुलींच्या लसीकरणाचं पत्रक पाठवलं होतं."

"आणि हा?"

"हा क्रेडिट कार्डचा. चार वेळा परत आला. चौथ्यांदा तिथल्या मुलीनं स्वतःच सांगितलं, मी बदलून घेते, तुम्ही काही सांगूच नका. मला काय भारी वाटली होती ती!" त्यानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे तिनंच दार उघडलं की."

"तेच तर, बाबा. तेच तर!"

एकूण एकोणीस प्रकारचे जोशी निघाले. अण्णांनी मोजणी दोनदा केली आणि बँकेतल्या आवाजात निकाल जाहीर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खालच्या मजल्यावरच्या आजींनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं, आणि टाळ्या थोड्या हळू झाल्या.

पाच वाजायला वीस मिनिटं उरली होती. अक्षयाच्या लॅपटॉपवर फॉर्म उघडा होता, आणि शेवटी हमी देणाऱ्या पालकाची सही, कागदावर करून तिचा फोटो जोडायचा.

"बाबा," ती म्हणाली. "मला जायचंय. माझं ठरलंय. पण तुम्ही मनापासून सही करणार असाल तरच."

प्रतापनं फॉर्म दोनदा वाचला. प्रत्येक ओळ.

"विमा कंपनीला कोण सांगणार?"

"मी. उद्या स्वतः जाऊन. सूट घालून जाईन, माफी मागेन."

"मी येऊ बरोबर?"

"नको. नोकरी मला दिली होती त्यांनी."

"त्यांना वाईट वाटेल."

"हो."

"मलाही वाटतंय," प्रताप म्हणाला. "खोटं कशाला बोलू? निळी पट्टी बघायची होती मला तुझ्या गळ्यात. फार बघायची होती." त्यानं पेन घेतलं. "पण तू आत्ता जशी बोललीस ना, तशी त्या इमारतीत मी बावीस वर्षांत एकालाही बोलताना ऐकलेलं नाही. निळीवाल्यालाही नाही."

त्यानं सही केली. उत्तरानं फोटो काढला, अक्षयानं तो जोडला, आणि पाचला आठ मिनिटं कमी असताना बटण दाबलं. हिरवी खूण आली तशी तिनं आईला मिठी मारली, मग आत्याला, मग आजोबांना उचलायचा प्रयत्न केला. ते ओरडले, "अगं रक्तदाब!" वृंदा डोळे पुसता पुसता म्हणाली की आता तरी श्रीखंड खा कोणीतरी.

अक्षया मात्र वही घेऊन बाबांसमोर येऊन बसली होती.

"आत्ता?" प्रताप म्हणाला.

"आत्ताच. पहिली मुलाखत तुमची. आधी नियमाप्रमाणे विचारते, तुम्ही स्वतःच्या इच्छेनं भाग घेताय ना? मधेच थांबावंसं वाटलं तर थांबू शकता."

"घेतोय. विचार."

"पहिला प्रश्न. तुमचं नाव काय? कुठल्याही कार्डावरचं नको. तुम्हाला हवं तसं सांगा, मी ऐकते."

सवयीनं प्रतापच्या जिभेवर तुकडे तुकडे केलेलं, जपानी कानांना सोपं जाईल असं नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"प्रताप गुणवंत जोशी," तो म्हणाला. सावकाश, पुण्यात शाळेत हजेरीला म्हणायचा तसं. अक्षयानं ते देवनागरीत, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात, लिहून घेतलं.

"आणि पुढे लिही," तो म्हणाला, "अक्षयाचे बाबा."

तिनं वही उलटसुलट करून बघितली. "त्याला रकाना नाहीये, बाबा."

"मग तू कर."